खामगावच्या कापूस चौकात गादी घेऊन

सगळ्यात आधी स्टँडवर हजर कोण, तर आमच्या नणंदबाई, वत्सला! स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उशिरा पोचलेली बाई ही. डोक्यावर जुन्या गादीचं गाठोडं. "वहिनी, मी तं केव्हाची येऊन बसली!" नातीचं लग्न आहे, तर गादी पिंजून पुन्हा भरायची, तीही खामगावच्या जुन्या चौकातच, हा हट्ट माझा.

आमच्या जानेफळहून खामगाव दीडेक तास. बायांना अर्धं तिकीट, पण गाठोड्यावरून कंडक्टरशी थोडं भांडावं लागतं. सकाळची गाडी धरा. कचोरी गरम असेल तरच खा.

चौकात पोचले अन् थांबलेच. लहानपणी बाबांसोबत आले तेव्हा इथं लिलावाला कापसाच्या गाड्यांना गाड्या लागलेल्या, बैलांच्या मधून वाट काढायची. आता कापूस परभारे जिनिंगच्या कारखान्यात जातो. चौकात मोबाईलची कव्हरं, पाणीपुरी अन् एक चकचकीत फोमचं दुकान. आत काय असतं पाहू म्हणून शिरले. एक उशी कापसाची होती. बाबांची सवयच ती लागलेली, शिवणीतून चिमूटभर कापूस काढून दोन अंगठ्यांत ओढला. "धागा आखूड आहे हो!"

"आजी, उशी हाय ते! लिलाव नाही चालू!" दुकानदार ओरडला. वत्सला हसून हसून खाली बसली.

समोरच्या दुकानातून हाक आली, "इकडं या माय! धागा ओढून पाह्यनारं मानूस लई दिवसानं दिसलं." ते करीमभाई पिंजारी. चौकातलं शेवटचं पिंजायचं यंत्र त्यांचं. दुपारपर्यंत आमची गादी पुरीसारखी टम्म फुगली.

"भाऊ, गिऱ्हाईक काऊन नाही?" मी विचारलं.

"फोम आला ना. सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला, यंत्र उचलाले."

"त्याले थांबवा! आमच्या गावात घरोघरी गाद्यांच्या चपात्या झाल्या. आम्ही आणतो."

"सारेच म्हनतात येतो. वार सांगा. त्या दिवशी आल्या, तं भंगारवाल्याले वापस धाडतो."

घरी नातीला गादीवर झोपवून पाहिलं. आधी म्हणाली गरम होते, मग उठेचना. बैलगाड्यांचा चौक काही परत यायचा नाही, एवढं मलाही कळतं. पण ते यंत्र धडधडायला लागलं तेव्हा पाणीपुरीवालाही मान वळवून पाहत होता, तेवढं डोळ्यांपुढून जात नाही.

काल दारोदार फिरून सात गाद्या जमवल्या. वत्सलानं टेम्पो ठरवला. करीमभाईंनी तर त्याच दिवशी आमच्यादेखत दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलंय: जानेफळच्या बाया, रविवार.