आधी मालक, मग डुक्कर

आमचे डॉक्टर जनावरांचे होते, पण तपासायला सुरुवात माणसापासून करायचे. डुक्कर खोकतंय म्हणून बोलावलं, की फाटकापाशीच मोटारसायकल उभी करून विचारत, "तुले खोकला आहे का? घरी कोनाले ताप आहे?" शहापूरकडची माणसं त्यांना 'उलटा डॉक्टर' म्हणत. मीही म्हणायचो, आणि माझ्याकडे त्याला इतरांपेक्षा जास्त कारण आहे.

दोन पांढऱ्या पिल्लांपासून मी हा धंदा उभा केला. धान पिकवणाऱ्या घरातला माणूस डुकरं पाळतो म्हणून भावकीनं वर्षभर माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. ढाब्यांवरचं उरलंसुरलं आणि राईस मिलचा कोंडा मी घासाघीस करून मिळवला. सवयीनं डॉक्टरांशीही घासाघीस करायचो. ते म्हणत, ताप आलेल्या माणसानं सात दिवस शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. मी म्हणायचो, तीन. मग ते विचारत, "ताप काय बजारातला व्यापारी आहे का गा, चार दिवस सोडून द्यायले?"

समजावतानाही ते माझ्याच धंद्यातलं बोलत. आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा ठरवतात. डॉक्टर म्हणत, "डुकराच्या छातीत माणसाचा फ्लूही शिरते, पाखराचाही शिरते. दोन दलाल एका दुपट्ट्याखाली भेटले का तिसराच भाव निघते ना? तसा तिसराच ताप निघते. तो कोनाच्याच ओळखीचा नसते."

एका हिवाळ्यात गावात घरोघरी खोकला होता. मलाही ताप होता. पण वरठीकडचा एक व्यापारी वीस डुकरं एकदम उचलायला येणार होता, आणि माल मालकानं स्वतः चालवून दाखवायचा असतो. गड्यानं दाखवला की भाव पडतो. मी गोळ्या खात दोन दिवस शेडमध्ये राबलो, डुकरं धुतली, निवडली. व्यापारी आला त्या सकाळी चार डुकरं कुत्र्यासारखी ठसकत होती. "खाणं बदललं, म्हणून," असं मी त्याला पटवत होतो, तेवढ्यात डॉक्टर आले.

वाद न घालता त्यांनी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून आपल्या हातावर टाकला. "आन हात. मीच घेतो तुझी डुकरं." मी सवयीनं हात दिला. त्यांनी एकही बोट दाबलं नाही, नुसता धरून ठेवला. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "याच्या हातात भाव नाही, ताप आहे. जा तुम्ही." तो गेला, तो परत आला नाही.

आठवड्याभरात गावात बोलणं सुरू झालं, की ताप डुकरांनीच आणला, शेड हलवा. ग्रामसभेत ठराव आला. मी भांडायला उठलो, तर डॉक्टरांनी मला खाली बसवलं. "डुकरं खोकायच्या आधी ताप याले होता. मी हात धरला होता याचा. तुमच्यापासून यानं घेतला, यानं डुकरायले देला. आता डुकरं काढान, त पहिले हा खोकणारा मालक काढा."

लोक हसले. ठराव बारगळला, शेड वाचली, डुकरंही आठ दिवसांत सावरली. पण तेव्हापासून बाजारात माझा हात धरला, की समोरचा विचारतो, "आज ताप नाही ना, भाऊ?" डॉक्टरांना हे मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी डुकरांसाठी काय काय सोसलं ते त्यांना ठाऊक होतं. वाचवायचंच होतं, तर हसं न करता वाचवायचं होतं.

निवृत्त होऊन ते मोहाडीला निघाले, त्या दिवशी माझ्या फाटकापाशी थांबले. हातावर दुपट्टा टाकून हात पुढे केला. "आन गा. शेवटचा सौदा."

"तुमच्या हाताचा भाव मले परवडत नाही, साहेब," मी म्हणालो. त्यांनी थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग दुपट्टा झटकून खांद्यावर घेतला आणि गाडीला किक मारली.

ते वारल्याचं मला बाजारात कळलं, सौदा चालू असताना. दुपट्ट्याखाली समोरच्यानं दाबलेला आकडा मी पार विसरलो.

आज सकाळपासून माझा घसा खवखवतो आहे. आत मोठी मादी व्यायला आली आहे, गडी नवा आहे, आणि मी चार वेळा फाटकाची कडी काढून परत लावली. गड्याला आत सोडण्याआधी विचारलं, "तुले खोकला आहे का? घरी कोनाले ताप आहे?" नाही म्हणून तो आत गेला.

आता दुपट्ट्याखाली माझाच एक हात दुसऱ्यात धरून पाहतो आहे. दोन्ही सारखेच गरम, काही कळत नाही. हे पाहायला दुसऱ्याचा हात लागतो. मी फाटकाबाहेरच उभा आहे.