काशाच्या हंड्यावरचा कालवा

लायबाई ह्वे शहरात आल्या त्या लेकीला घेऊन जायला. पहिलं बाळंतपण आईकडे, हा त्यांच्याकडचा रिवाज. पण थामने सातव्या महिन्यात फोनवर सांगितलं, "डॉक्टर एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणतात, आई." मग आईनेच यायचं ठरलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुसरं मूल नव्हतं, त्यामुळे मागे कोणाची सोय लावायची नव्हती. मुलगा झाल्याचा फोन आला तशी मासळी खारवायच्या रांजणांवर लक्ष ठेवायला शेजारच्या साउला सांगितलं, मुरलेल्या मासळीच्या दोन बरण्या आणि ताडगुळाचं पुडकं घेतलं, आणि दक्षिणेच्या टोकाच्या चाउडोकहून दीड दिवस बसमध्ये बसून त्या इथे आल्या. मनाशी पक्कं केलं होतं. महिना भरला की थामला आणि बाळाला घेऊन परत फिरायचं. निदान बाळ बसायला लागेपर्यंत तरी दोघं आपल्यापाशी राहतील.

मनात एक आणि ओठावर एक ठेवायची लायबाईंना सवय नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विहिणीपुढे विषय काढला.

"महिना झाला की दोघांना घेऊन जाईन म्हणते."

लोआनबाई भाजी आणायलाही लांब रेशमी झगा घालून जाणाऱ्या. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला आणि हसल्या. "न्या की, विहीणबाई. लेक तुमची, नातू तुमचा. आम्ही कोण अडवणार?"

लायबाईंचा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी साउला फोन केला. "कालव्याकडची खोली झाडून ठेव. पाळण्याची दोरी जुनी झालीय, नवी लाव."

"विहीण हो म्हणाली? भांडण नाही, काही नाही?" साउला खरं वाटेना.

"भली बाई आहे गं. उगीच धास्ती घेतली होती मी."

हा प्रश्न सुटला, पण दिवस काही सरेना. घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतंच. चूल लोआनबाईंची. एवढ्याशा बशांमधून एवढंसं काहीतरी, पण प्रत्येक बशी मांडायला अर्धा तास. लायबाईंनी एकदा लेकीसाठी मासा शिजवला, त्यांच्या पद्धतीने, ताडगूळ घालून. लोआनबाईंनी चव घेतली, "छान झालंय, अगदी खिरीसारखं," म्हणाल्या, आणि त्या रात्रीही थामच्या ताटात मिरपूड घातलेलं खारं मांसच आलं. बोलणंही धड कळत नसे. इथली माणसं तोंडात गरम घास असल्यासारखी बोलत. लायबाई दोनदा "काय?" विचारत आणि तिसऱ्यांदा नुसती मान हलवत.

आणि थाम. कानात कापूस, पायात मोजे, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळाला पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. लायबाईंनी विचारलं की म्हणे, "काही नाही, आई. तू जरा बाहेर फिरून ये ना." आईला दुसरं काय दिसणार? पोर इथे सुकतेय, एवढंच त्यांना दिसे. रात्री त्यांना झोप लागत नसे. भिंतीपलीकडून बाळ रडलं की उठून बसत, आणि पलीकडे लोआनबाईंची पावलं वाजली की परत आडव्या होत.

शेवटी जावयानेच उपाय काढला. खिएम राजवाड्याच्या जुन्या लाकडी कामाच्या दुरुस्तीवर होता. खांबांवरचं कोरीव काम नव्याने घडवायचं, असं त्याचं काम. "चला माझ्याबरोबर, आई. दुपारी परत सोडतो. फाटकावरचे सगळे ओळखीचे आहेत."

थंडी होती, बारीक झिमझिम चालली होती. दक्षिणेच्या माणसाला ही थंडी हाडात शिरते. खिएमच्या मागे स्कूटरवर बसून लायबाई त्या भल्या थोरल्या तटाच्या आत गेल्या. त्या विटा, ती अंगणं, एकामागून एक दरवाजे. राजे गेले, राण्या गेल्या, मागे एवढं सगळं झाडायचं काम उरलं, असं त्यांच्या मनात आलं. एका देवळापुढच्या अंगणात काही बायका शंकूच्या आकाराच्या टोप्या घालून उकिडव्या बसल्या होत्या आणि फरशीच्या फटींतलं गवत उपटत होत्या. लायबाईंचे हात शिवशिवले. त्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठल्या तुम्ही?" त्यांतल्या वयस्क बाईने विचारलं. तिचं नाव हुओंग. तिचं बोलणं मात्र समजत होतं, ती परगावच्यांशी सावकाश बोले.

"चाउडोकची."

"म्हणजे खाऱ्या मासळीचं गाव."

"हो. वास येतोय का अंगाला?"

"अजून नाही आला. वारा उलटा आहे." बाकीच्या बायका हसल्या. हुओंगबाईंनी खुरप्याने समोर दाखवलं. "तुमच्याकडे तो लांबलचक कालवा आहे ना, विन्ह-ते नावाचा?"

"माझ्या दारातच आहे. भांडी घासते मी त्यात."

"मग तो मधला हंडा बघा जाऊन. राजाने तुमची भांडी घासायची जागा काशात ओतून ठेवलीय."

देवळासमोर नऊ हंडे एका ओळीत उभे होते. माणसाहून उंच, तीन पायांचे, दोन कानांचे, काळवंडलेले. राजाने आपला सगळा मुलूख त्यांवर उठवून घेतला होता, डोंगर, नद्या, झाडं, जनावरं. मधला हंडा बाकीच्यांच्या जरा पुढे होता. त्यावर फणस होता, वाघ होता, आणि हुओंगबाईंनी येऊन बोट ठेवलं तिथे एक वीतभर चौकट होती. दोन काठ, मध्ये पाण्याच्या बारीक रेघा, बाजूला जुनी चिनी अक्षरं. "हा. विन्ह-ते."

लायबाई बघत राहिल्या. माणूस एकही नव्हता त्यात. त्यांच्या आजेसासूच्या घराण्यातले दोघे भाऊ तो कालवा खणायला गेले होते आणि परत आले नव्हते. पावसाळ्याच्या शेवटी पाणी चढलं की सासू काठावर उदबत्ती लावून त्यांच्यासाठी भाताची मूठ सोडत असे. ती मूठ लायबाई अजून सोडत होत्या. आता तेच पाणी इथे, राजाच्या देवळापुढे. या शहरात आल्यापासून त्यांना ओळख दाखवणारं हे पहिलंच काही होतं. त्यांनी हात पुढे केला. काशाचा गारठा हातातून कोपरापर्यंत गेला.

त्यानंतर त्या रोज जाऊ लागल्या. झिमझिम असली तर खिएमचा जुना रेनकोट घालून. हंड्यापुढे उभ्या राहत. कधी रेघांवरून बोट फिरवत, कधी नुसत्या पायरीवर बसत. परदेशी पाहुणे यायचे, फोटो काढायचे, मधून लायबाईंनाही बाजूला व्हायची खूण करायचे. त्या व्हायच्या. मनात म्हणायच्या, काढा, काढा, माझंच दार आहे ते. हुओंगबाई चिडवत, "काय, आज किती भांडी घासली?"

घरी आल्यावर त्या थामच्या खाटेवर बसून सांगत. "आपला कालवा आहे गं तिथे. राजाच्या हंड्यावर. महिना झाला की तुला दाखवते." महिना होईपर्यंत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो, ते दोन्हीकडे सारखंच होतं. थाम "हं" म्हणे आणि बाळाचं दुपटं नीट करत राही. पोरीला अशक्तपणा आहे, लायबाई मनाशी म्हणत. पण एक विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला. थामने तो हंडा एकदा पाहायला हवा. मग ती आपण होऊनच म्हणेल, चल आई, घरी जाऊ.

बसची तिकिटं त्यांनी काढून ठेवली.

बाळाचा महिना भरतो त्या दिवशी त्याला पोटात घडवणाऱ्या बारा देवी-आयांना नैवेद्य असतो. लायबाईंनी पहाटे उठून मुलगा झाला की करतात ती पांढऱ्या चवळीची खीर केली, नारळाच्या दाट दुधातली. लोआनबाईंनीही आपला नैवेद्य केला होता. दोन्ही ताटं शेजारी शेजारी मांडली गेली. बारा आयांची चंगळ झाली, कोणीतरी म्हणालं. दृष्ट लागू नये म्हणून नातेवाईक बाळाला बघून रिवाजाप्रमाणे म्हणत होते, "काय बाई कुरूप पोर, बघवत नाही," आणि दोघी आज्या खूश होत होत्या.

चहा चालला असताना लायबाई सहज बोलून गेल्या, "परवाची गाडी आहे आमची. बाळासाठी एक जाड दुलई मिळेल का इथे?"

पेले जागच्या जागी थांबले. लोआनबाई हसल्या, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "विहीणबाईंना थट्टा फार आवडते," त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

"थट्टा कसली? तुम्हीच म्हणालात ना, न्या की."

"हो, हो. न्या की." लोआनबाई उठल्या आणि चहाची किटली घेऊन आत गेल्या. किटली भरलेलीच होती.

खिएमने सासूला मागच्या अंगणात नेलं. बिचारा बोलायला शब्द शोधत होता. "आई, आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. न्या की, असं म्हणायचं असतं. मग समोरच्याने म्हणायचं, छे, तुमच्या घरचं बाळ तुमच्याशिवाय कसं राहील. मग पुन्हा न्या की. तिसऱ्यांदाही न्या म्हटलं तर ते खरं."

लायबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे माझं दोनदा विचारायचं राहिलं."

"तसंच काहीसं."

"मग जाऊन विचारून येऊ आत्ता?"

खिएमला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. महिनाभर विहिणीच्या तोंडदेखल्या शब्दावर आपण खोली झाडून घेतली, दोरी बदलून घेतली. लायबाईंचे कान तापले. "तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं नाही, थामचं विचारा." तो खाली बघत म्हणाला. "ती जाते म्हणाली तर मी सोडायला येईन. माझ्या आईला मी सांगेन."

लायबाईंनी आत जाऊन थामलाच विचारलं. तिने बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं होतं, त्याच्या पाठीवर ती हात फिरवत राहिली. "उद्या सकाळी जाऊ या तुझ्या हंड्याकडे," एवढंच म्हणाली.

सकाळी ऊन पडलं होतं. थाम लोकरीची टोपी, मोजे, मफलर अशी गुंडाळून निघाली. बाळ लोआनबाईंपाशी. लायबाई तटाच्या आत शिरल्यापासून बोलत होत्या, इकडून वळायचं, जपून, फरशी निसरडी आहे. तिसऱ्या दरवाज्यापाशी त्यांच्या लक्षात आलं की लेक त्यांच्या पुढे चालली आहे. थाम देवळाचं अंगण ओलांडून सरळ मधल्या हंड्याकडे गेली, बाजूने वळली, आणि न शोधता त्या वीतभर चौकटीवर तळवा टेकवून उभी राहिली.

गवत उपटणाऱ्या हुओंगबाईंनी मान वर केली. "अगं, तू होय. पुष्कळ दिवसांनी. बाळंत झालीस का?"

"महिना झाला, मावशी."

हुओंगबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि टोपली उचलून त्या पलीकडच्या फरशीवर गेल्या.

"तू येत होतीस इथे?"

"लग्नानंतरचं पहिलं वर्ष. रोज. खिएम कामाला आला की मी त्याच्या मागून." थाम हंड्याकडे बघून बोलत होती. "इथे उभी राहून रडायची. घरात रडता येत नसे, सासूबाई लगेच आल्याचा काढा करायच्या."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी न्यायला आली असतीस. आणि मी आले असते."

"मग आली असतीस तर काय बिघडलं असतं?"

थामने हंड्यावरचा हात काढून खिशात घातला. "मग एकदा पाऊस होता म्हणून आले नाही. मग सासूबाईंबरोबर बाजारात जायला लागले. मग कधी यायचं थांबलं ते कळलंच नाही. तू पहिल्यांदा हंड्याचं सांगितलंस ना, तेव्हा मला आठवलं. बरं नाही वाटलं. तुलाही तिथेच जाऊन उभं राहावं लागतंय, असं वाटलं."

"आणि आता रडतेस ते?"

"बाळंतिणी रडतात, आई. तू नाही रडलीस?"

लायबाई रडल्या होत्या. पण बघायला तेव्हा त्यांची आई होती.

"बाळ बसायला लागलं की येते. आठ-पंधरा दिवस राहते. खिएमला रजा मिळाली की तिघं येऊ." थाम आईच्या बाहीवरचा धागा काढत म्हणाली. "पण उद्या नाही, आई."

तिने ते एकदाच म्हटलं, आणि लायबाईंना पुन्हा विचारावं असं वाटलं नाही. त्यांनी लेकीचा मफलर नीट केला, टोपी कानांवर ओढली. तेवढ्यात थामने छातीवर हात दाबला. "दूध आलं. तो उठला असेल."

"जा तू. खिएमला सोडायला सांग. मी येते मागून."

थाम घाईने निघाली. बाळंतिणीने एवढं भरभर चालू नये, हे लायबाईंच्या ओठांवर आलं, पण ती दरवाज्यातून वळून दिसेनाशी झाली होती. कालव्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग अंगण ओलांडून हुओंगबाईंपाशी गेल्या आणि त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"तुमच्या गावची नदी आहे का हो यांच्यावर? ही इथली, बाजारापाशी वाहते ती?"

"आहे की. शेजारच्या हंड्यावर."

हुओंगबाई उठून त्यांना घेऊन गेल्या आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. लायबाईंनी वाकून पाहिलं. तशाच पाण्याच्या रेघा. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. बोट काढलं तर ही कुठली, ती कुठली, त्यांना सांगता आलं नसतं.

"पुन्हा एकदा दाखवा," त्या म्हणाल्या. "नातवाची आहे. लक्षात ठेवायला हवी."