‘एक्स्क्लुझिव्ह’ हा शब्द मी लिहिला होता

“पान बरोबर आहे, चूक युजरची आहे, एवढं लिही आणि तिकीट बंद कर,” पराग म्हणाला.

तिकीट म्हणजे ग्राहकाची तक्रार. पराग आमचा प्रॉडक्ट हेड. मी टेक्निकल रायटर. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी पानं लिहिणं हे मरोळच्या आमच्या ऑफिसात माझं काम. आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालतं. रक्ताच्या नळीवरचं लेबल लॅबवाल्यांना आपल्या सोयीनं बदलता यावं म्हणून त्यात छोट्या सूचना लिहायची सोय आहे. त्या कशा लिहायच्या ते माझ्या पानांवर असतं.

तक्रार मुलुंडच्या एका लॅबमधून आली होती. तिथल्या सीनियर टेक्निशियन सुजाता शिरोडकर यांनी लेबल बदललं होतं. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक नळीला दहा अक्षरांचा कोड देतं. आधी लॅबची चार इंग्रजी अक्षरं, मग सहा आकडे. बाईंना नुसते आकडे मोठ्या टायपात हवे होते. त्यासाठी सबस्ट्रिंग नावाचं फंक्शन आहे. लांब मजकुरातून हवा तो तुकडा कापून द्यायचा, एवढंच त्याचं काम. कुठून आणि कुठपर्यंत, असे दोन आकडे त्याला द्यावे लागतात.

बाईंनी चार आणि नऊ दिले. लेबलवर सहाच्या जागी पाच आकडे आले, शेवटचा गळला. म्हणजे ३०४५१७ आणि ३०४५१८ या दोन वेगळ्या पेशंटच्या नळ्यांवर एकच नंबर, ३०४५१.

नळ्या मशीनला लावताना हे बाईंच्याच लक्षात आलं. चुकीचा रिपोर्ट एकही गेला नाही. पण सकाळच्या अठरा जणांना परत बोलावून रक्त घ्यावं लागलं. त्यात एक आजी होत्या, ज्यांची शीर सापडायला पहिल्या वेळीच तीनदा टोचावं लागलं होतं. लॅबच्या डॉक्टरांनी बाईंना मेमो दिला आणि लेबल बदलायची परवानगी काढून घेतली. बाईंनी तक्रारीत एकच ओळ लिहिली होती: ‘तुमच्या पानावर जसं आहे तसंच केलं.’

तिकीट बंद करण्याआधी मी ते पान उघडलं. दुसऱ्या आकड्यापुढे लिहिलं होतं, ‘एंड इंडेक्स, एक्स्क्लुझिव्ह.’ प्रोग्रॅमरच्या नोंदीतून ते शब्द मी अकरा वर्षांपूर्वी जसेच्या तसे उचलले होते. तेव्हापासून त्या पानाकडे मी पुन्हा पाहिलं नव्हतं. तिकीट बंद करवेना.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला गेले. शिरोडकरबाई माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या. हातमोजे काढत त्यांनी विचारलं, “सॉरी म्हणायला आलात की शिकवायला?”

“बघायला. तुम्ही हे पान कसं वाचता ते.”

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. “मोजणी शून्यापासून, हे कळलं. पहिलं अक्षर शून्य. मग आकडे सुरू होतात चारवर, संपतात नऊवर. बरोबर?”

“बरोबर. पण पुढे एक्स्क्लुझिव्ह लिहिलंय ना.”

“वाचलं की. खाली साड्यांच्या दुकानावरही लिहिलंय. मला वाटलं, खास याच फंक्शनसाठी काहीतरी असेल.”

मी समजावू लागले. शेवटचा आकडा त्यात धरत नाहीत, त्याच्या अलीकडेच तुकडा संपतो. चार ते नऊ म्हटलं की आठपर्यंतच मिळतं. म्हणून दहा द्यायला हवा होता.

“दहा? शून्यापासून मोजलं तर दहा नंबरचं अक्षरच नाही इथे. नसलेल्या जागेचा नंबर कुठलं माणूस देईल?”

मी पेन घेतलं. मग कागदावर चौकटी काढून दाखवल्या. त्यांनी मान हलवली.

“आता कळलं. पण मॅडम, तुम्ही शेजारी बसलात म्हणून कळलं. त्या दिवशी माझ्याजवळ नुसतं पान होतं.” हातमोजे पुन्हा चढवत त्या म्हणाल्या, “बावीस वर्षं नळ्या सांभाळतेय. कधी अदलाबदल झाली नाही. आता साधं लेबल बदलायचं तर नव्या मुलीला विनंती करते.”

परत येऊन मी पान नव्यानं लिहिलं आणि त्यांना पाठवलं. उत्तर आलं: ‘आधीपेक्षा लांब झालंय. कुठे बघू?’ वाईट वाटलं, पण खरं होतं. मी सगळं खोडलं. वरती फक्त चित्र ठेवलं. दहा चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर, आणि आकडे चौकटींमध्ये नाही तर त्यांच्या कडांवर, शून्य ते दहा. खाली लिहिलं, ‘कात्री कुठे मारायची ते दोन आकडे द्या.’ चार आणि दहा दिल्यावर काय मिळतं ते दाखवलं. त्याखाली चार आणि नऊ दिल्यावर काय हरवतं तेही दाखवलं. या वेळी उत्तर आलं: ‘हे चालेल.’

परागला पटलं नाही. “अगं, कात्री काय? डेव्हलपर लोक हसतील. जुनं पान टेक्निकली परफेक्ट आहे.”

“मग सांग, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची अक्षरं हवीत. कुठले आकडे देशील?”

“एक आणि चार,” तो पटकन म्हणाला. मग छताकडे बघत बोटं मोजली. “नाही, थांब. एक आणि पाच.” मोजलेली बोटं मिटत तो म्हणाला, “ठीक आहे, टाक नवीन पान.”

“लॅबला पत्रही पाठवायचंय. जुनं पान चुकीचं होतं म्हणून.”

“लेखी कबुली नको, यार. वर प्रश्न येतील.”

“कंपनीची नको. पान माझं आहे, माझ्या नावानं लिहिते.”

त्यानं बराच विचार केला. “‘अपुरं’ लिही. ‘चुकीचं’ लिहू नकोस.”

तेवढं मी मान्य केलं. डॉक्टरांचं उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी मुलुंडहून नवं तिकीट आलं, दुसऱ्याच एका पानाबद्दल: ‘व्हाइटस्पेस म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही.’ मजकुरातली मोकळी जागा, एवढंच मी लिहायला हवं होतं. खाली नाव सुजाता शिरोडकर, आणि तिकीट लेबल एडिटरमधून आलेलं, जो लेबल बदलायची परवानगी असलेल्यांनाच उघडतो. मी लगेच फोन लावला.

“हो, परवानगी मिळाली परत,” त्या म्हणाल्या. “तुमचं पत्र डॉक्टरांनी दोनदा वाचलं. मेमो मात्र फाइलमध्ये आहे तसाच आहे.”

तो मेमो काढायला लावणं माझ्या हातात नव्हतं. पानं होती. तेव्हापासून कुठलंही पान लिहून झालं की ते वापरणाऱ्या एका माणसाला मी ते समोर बसून वाचायला लावते आणि तोंड बंद ठेवते. लिहिणं मला येतं असं लोक म्हणतात. तोंड बंद ठेवणं अजून शिकतेय.