लोडकाकांचा पॉवर सप्लाय

"लोड किती?" हे विचारल्याशिवाय काकांनी उभ्या जन्मात कुठल्या वस्तूला हात लावला नसेल. माळ्यावर गाद्या टाकायच्या असोत, मराठी मंडळाच्या गणपतीचा मांडव घालायचा असो, पहिला प्रश्न ठरलेला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेले, तर अक्षता मुठीत धरून विचारतात, "लोड किती?" मी आपली पाहुण्यांचा आकडा सांगायला लागले. "पाहुणे नाही गं विचारत. तुझ्या वडिलांवर लोड किती?" बोला आता! पण लग्नाच्या आठवड्यात सगळी धावपळ त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली आणि वडिलांना नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं. अख्खी कॉलनी त्यांना लोडकाका म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी रागवत नसत.

मूळचे सांगलीकडचे. नोकरीला म्हणून भोपाळला आले ते इथलेच झाले. कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होते. रिटायर झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा अवधपुरीत घर बांधलं, आमच्या भिंतीला भिंत लागून. मी टाउनशिपच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे, म्हणून मी त्यांची मास्तरीणबाई. आम्ही इंदूरकडची माणसं, आमच्या मराठीत अर्धी हिंदी. मी "टेन्शन नका घेऊ काका, हो जाएगा" म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "होईल म्हण. होईल." एवढ्या वर्षांत ते थकले नाहीत आणि मीही सुधारले नाही.

काकांची एकुलती एक लेक वेणू बारावीच्या वर्षी मेंदूज्वराने गेली. मी तिला पाहिलेलं नाही, ते टाउनशिपमध्ये असतानाची गोष्ट. पाहिलं ते कॉम्प्युटरवर. काकांनी हौसेने कॅमेरा घेतला होता आणि लेकीचं सगळं टिपून ठेवलं होतं. गणेशोत्सवातला नाच, भोजपूरची सहल, क्वार्टरच्या अंगणात आईला ओढून ओढून फुगडी घालायला लावणं. पुढे काकूंना विस्मरणाचा आजार झाला. भाजीत मीठ घातलं की नाही इथपासून सुरू झालं आणि बघता बघता सगळंच पुसत गेलं. त्यात वेणू गेल्याचंही पुसलं गेलं. संध्याकाळ झाली की दारात जाऊन उभ्या राहायच्या. "अहो, पोरगी अजून आली नाही." तेव्हा काकांनी ते जुने व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावले. काकू पडद्यासमोर बसल्या आणि तोंडभर हसल्या. "आली बघा!"

बस, त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तेच. काकूंना नीट दिसावं म्हणून काकांनी भला मोठा पडदा आणला, त्यासाठी नवं ग्राफिक कार्ड आणलं. ते मीच बसवून दिलं. आणि गोची झाली. कार्ड नवं, पण सगळ्याला वीज पुरवणारा पोटातला पॉवर सप्लाय जुनाच. लोड वाढला की कॉम्प्युटर चालता चालता पटकन बंद. वेणू गिरकी घेता घेता पडदा काळा. काकू किंचाळून उठायच्या, "गेली! अहो, गेली ती!" आणि ऊर बडवून रडायच्या, पहिल्यांदा रडल्या असतील तशाच. बाई गं, ते रडणं मी भिंतीपलीकडून ऐकलंय. आपलं दुःख वर्षांनी थोडं तरी बोथट होतं. काकूंना ती बातमी दर वेळी नवी असायची.

काका मात्र एके दिवशी माझ्या दारात आले ते डोळे पुसत नाही, तर बाह्या सरसावत. "मास्तरीणबाई, तो पडदा पुन्हा काळा होता कामा नये. चल, पॉवर सप्लाय बघू." बाहेरची वीज गेली तर त्याची सोय त्यांनी आधीच केली होती, ट्रकची बॅटरी लावून. राहिला होता तो पोटातला डबा.

टी. टी. नगरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत डबा पुढे सरकवला, वर साडेचारशे वॉट छापलेलं. काकांनी तो तळहातावर घेऊन भाजीवालीच्या कणसासारखा जोखला.

"यह तो हलका है."

"अंकल, कंप्यूटर का सामान है, आलू थोड़ी तौल रिये हो! साढ़े चार सौ लिखा है ना."

"लिखा है. देता कितना है?"

"क्या बात कर रिये हो, पूरा भोपाल येई लगा रिया है."

"पूरे भोपाल का दात दुखेगा तो मेरा निकालेगा क्या?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी मेले लाजेने. मी म्हटलं, काका, कार्डाला लागतात एवढे, बाकीच्याला तेवढे, हिशेबात साडेचारशे बसतात, घ्या आणि चला. त्यांनी घेतलाही. पण कॉम्प्युटरला लावायचा म्हटल्यावर माझा हात धरला. "आधी हीट रन."

आता हीट रन म्हणजे काय, तर कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बाहेर पाठवण्याआधी त्यावर पूर्ण भार टाकून तासन्‌तास चालवतात, किती तापतो ते बघतात, तापणं थांबून स्थिर झाला तरच पास. ते घराएवढ्या यंत्राला ठीक आहे. पण या बाबाने ती परीक्षा त्या चिमुकल्या डब्याची घेतली! गॅरेजमधून ट्रकच्या हेडलाइटचे जुने बल्ब आणले, ओळीने जोडले, गच्चीत टेबल मांडलं आणि डब्याला कारखान्यातल्या दिवसांचा जुना थर्मामीटर सुतळीने बांधला. गल्लीत बातमी गेली की लोडकाका दिवाळी करताहेत. शेजारच्या मिश्राभाभी गच्चीवरून ओरडल्या, "भाईसाहब, इसको बुखार है क्या?" काका गंभीरपणे म्हणाले, "होगा."

झालाच. दुपारपर्यंत फट्ट आवाज, धूर आणि जळका वास. खालून काकूंनी विचारलं, "अहो, दूध उतू गेलं का?" काका म्हणाले, "हो गं, थोडंसं." मग माझ्याकडे वळून हळूच, "बघितलंस? हा आत असता, तर वेणू नाचता नाचता गेली असती." तोवर मी मनातल्या मनात त्यांना हसत होते.

असे बरेच डबे त्यांनी जाळले. काही जळले नाहीत, पण फार तापले म्हणून नापास. मी म्हणायचे, एवढं कशाला? त्यांचं उत्तर एकच असे, "मार्जिन ठेवावं. जेवढं लागतं त्याच्या दुप्पट देऊ शकेल असं घ्यावं आणि निम्म्या लोडवर चालवावं. मग ते मध्येच सोडून जात नाही." शेवटी त्याच दुकानदाराने, बहुधा यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून, दिल्लीहून एक मागवून दिला. काळा, जड, बिनचकाकीचा. काकांनी दोन्ही हातांत घेतला आणि पहिल्यांदाच हसले. बल्बांसमोर तो दिवसभर चालला, थर्मामीटरचा पारा एका जागी येऊन थांबला तो थांबलाच. "पास," काका म्हणाले, आणि गच्चीच्या कठड्यावर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. धुराने म्हणावं, तर त्या दिवशी धूरच झाला नव्हता.

त्यानंतर तो कॉम्प्युटर कधी मध्येच बंद पडला नाही. सकाळी काका स्वतः चालू करत आणि काकू झोपल्यावरच बंद करत. वेणू नाचायची, काकू टाळ्या वाजवायच्या. काका मात्र कधी समोर बसत नसत. काकूंच्या खुर्चीमागे, भिंतीला टेकून त्यांची वेताची खुर्ची होती. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, रोज हे बघवतं तुम्हाला?"

"नाही बघवत. म्हणून तर मागे बसतो."

"मग नुसतं बसून करता काय?"

"पंख्याचा आवाज ऐकतो, पॉवर सप्लायचा. तो नीट फिरतोय ना, तेवढं बघायचं. बाकी ती बघते."

मी मूर्खासारखं म्हटलं, "आणि तुमच्यावर लोड किती, काका?" ते हसले. "माझी हीट रन चालू आहे." विषय तिथेच संपवला.

मग ती संध्याकाळ. मी शाळेतून येऊन त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले. व्हिडिओ चालू होता. काकूंनी वळून तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल गं. यांचा डोळा लागलाय." काका भिंतीला डोकं टेकून बसले होते. मी हात लावला तर हात गार. किती वेळ झाला होता देव जाणे. पडदा काळा झाला नव्हता, म्हणून काकूंना काहीच कळलं नव्हतं.

सकाळपर्यंत इंदूरहून काकांची बहीण आली, मंडळाची माणसं आली. काकांना हॉलमध्ये खाली निजवलं होतं. काकू आपल्या पडद्यासमोर, टाळ्या वाजवत. माझा जीव तुटत होता, पण मी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. मंडळाच्या एका जुन्या सभासदांना ते बघवेना. चूक त्यांचीही नाही, रीत तीच आहे. "सुतकाच्या घरात नाचगाणं बरं दिसत नाही," म्हणाले आणि मी उठेपर्यंत त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

"गेली! अहो, गेली ती!" काकूंनी टाहो फोडला. बायका धावल्या. कुणी म्हणालं, "रडू द्या, उशिरा का होईना कळलं बिचारीला." कप्पाळ कळलं! काकू धडपडत काकांपाशी गेल्या, त्यांचा खांदा धरून गदागदा हलवायला लागल्या. "अहो, उठा ना! वेणू गेली. पोरगी गेली आणि तुम्ही झोपलाय काय असे?"

मी उठले, कुणाला न विचारता कॉम्प्युटर चालू केला. पंखा फिरायला लागला. अंगणातली फुगडी लागली आणि पाठोपाठ कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला, तरुण, खणखणीत. त्या सगळ्या व्हिडिओंत काका कुठेच दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. "वेणू, जरा मागे सर. आई दिसत नाहीये. अगं, तू पण ये ना पुढे. लाजतेस काय?"

काकूंचा हात काकांच्या खांद्यावरून सुटला. त्यांनी पदराने डोळे पुसले, केस सारखे केले. काकांकडे मागे वळूनही न बघता त्या उठल्या आणि पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आले हो," म्हणाल्या.

बाहेर माणसं काकांना न्यायला उभी होती. त्यांना उचललं, उंबरठ्याबाहेर काढलं. कॉम्प्युटर बंद करा असं त्यानंतर कुणीही म्हणालं नाही.