उंदरांचा उपास

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूध घरी आलं की पाणी किती आहे ते मी अजूनही बोट बुडवून बघतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत मी शिरूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी यकृतावर काम करत होतो. पेशीला खायला मिळालं नाही की ती आपलेच जुने भाग पिशवीत भरते आणि पचवून तग धरते. याला आम्ही स्वभक्षण म्हणायचो. आजारी यकृतात अशा पिशव्या फार दिसत. पेशीला मारतात त्या याच, असं माझं ठाम मत. पुण्यातले माझे मार्गदर्शक म्हणत, "अरे, वाचवायला धावून आल्या असतील. आधी निरोगी उंदीर उपाशी ठेवून बघ."

म्हणून दोन दिवस उंदरांचं खाणं बंद, नुसतं पाणी. मग यकृताचे तुकडे बाटलीत घालून मी एसटीने पुण्याला नेई, आणि तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकातून फोटो निघत. तीनदा फोटो आले आणि तिन्ही वेळा या उपाशी उंदरांच्या पेशी जेवून ढेकर दिल्यासारख्या. पिशव्या नावाला.

पिंजऱ्यांची किल्ली मामांकडे असे. मामा तळेगाव ढमढेरेच्या बौद्ध वस्तीतले, पन्नाशीचे, कॉलेजात रोजंदारीवर शिपाई. जूनमध्ये कायम होणार होते. दुष्काळात त्यांनी खडी फोडून दिवस काढले होते. "सर, उपाशी जिवाकडं बघवत न्हाई," असं एकदा म्हणाले होते. मला तेवढं पुरलं. मी खिडकीआडून पाळत ठेवली, खाण्याचा डबा तोलून ठेवला. काहीच हाती लागलं नाही, तर माझा संशय उलट वाढला. भलतेच हुशार दिसतात, म्हटलं! शेवटी प्राचार्यांना सांगून टाकलं की मामा उंदरांना चोरून खायला घालतात. त्याच आठवड्यात मामांचं काम गेलं.

पुढच्या खेपेला किल्ली माझ्याच खिशात होती. या वेळी यकृत काढताना मी उंदराचं पोटही उघडून पाहिलं. आत बाजरी! कॉलेजात उंदरांना बाजरी कधी दिलीच नव्हती. ती असायची तर पिंजऱ्यात अंथरलेल्या भुसकटात, आणि ते पोतं राहू गावातल्या आमच्या खळ्यावरून मीच आणलं होतं. दोन मुठी पाखडून बघितल्या. दाणेच दाणे निघाले.

मी प्राचार्यांकडे धावलो. ते म्हणाले, "जागा भरली."

मग तळेगावच्या बाजारात गेलो. मामा टेम्पोतून कांद्याची पोती उतरवत होते. मी सगळं सांगितलं आणि चुकलो म्हणालो. लाजेने मान वर होत नव्हती.

"दाणं मला दिसलं व्हतं, सर," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही, मामा?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही म्हनला असता, ह्यानंच टाकलं."

मी अगदी तेच म्हटलं असतं. आमच्या भावकीतल्या कुणी ते दाणे दाखवले असते, तर मी त्याची पाठ थोपटली असती.