सिसिलियाबाईंचं ‘उरलेलं उद्या’

बिघडलेल्या टॅबला हात लावण्याआधी सिसिलियाबाई त्याच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, “हाउसकीपिंग.” मग जरा थांबायच्या. आतून कोणीतरी ‘नंतर या’ म्हणेल, ही शक्यता त्यांनी कधीच नाकारली नव्हती. कोणी काही म्हणालं नाही की टॅब मांडीवर घ्यायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. “बोल बाय. गेस्टची कंप्लेंट काय?”

बाई मूळच्या वसईच्या. तरुणपणी आखातात आल्या, देरातल्या एका हॉटेलात चादरी बदलायला लागल्या आणि सुटल्या तेव्हा तिथल्या सगळ्या मजल्यांच्या मुख्य झालेल्या होत्या. नवरा फार लवकर गेला. मुलगा हमरियाच्या एका फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. अल बर्शातल्या आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर ही मायलेकरं राहायची. बुटक्या, गोल, इस्त्रीच्या सुती झग्यातल्या बाई. झग्याला खिसे हवेतच हा त्यांचा आग्रह, आणि त्या खिशात एक मऊ ब्रश, चष्मा पुसायचं कापड आणि पेपरमिंटच्या गोळ्या. हॉटेल सुटलं तरी हॉटेलची सवय सुटली नव्हती. कोणाच्याही घरून निघताना दारात क्षणभर उभ्या राहून मागे वळून सगळ्या खोलीवर एक नजर फिरवायच्या. “खोली आवरली की दाराशी उभं राहायचं आणि गेस्टच्या डोळ्यांनी एकदा बघायचं. काही वाकडं दिसलं तर आत जाऊन नीट करायचं. मग दार ओढायचं.”

आमची ओळख झाली तेव्हा मी साठीची होते, म्हणजे अगदीच कोवळी, आणि त्या वयाला शोभेल इतकी अतिशहाणी. कधीकाळी मी एका ट्रेडिंग कंपनीत टायपिस्ट होते, एवढ्या भांडवलावर यंत्रं मला वचकून असतात असा माझा समज होता. मुलाने टॅब आणून दिला तेव्हा मी पहिलं काय केलं असेल, तर त्याला झालरीचं कव्हर शिवलं. टॅब हवा होता तो अक्कासाठी. माझी मोठी बहीण कोल्हापुरात, मी इथे, आणि रविवारी तिचं तोंड बघितल्याशिवाय माझा आठवडा सुरू व्हायचा नाही. इथे सगळीच ॲप्स काही बोलू देत नाहीत. जे एक बोलू देतं ते मुलाने घालून दिलं होतं.

तर दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. मी मिक्सर मांडला, शिवणयंत्र मांडलं, गाडीच्या किल्ल्या मांडल्या. मुलाने आपला लॅपटॉप वेळेत उचलून नेला. मधोमध टॅब. त्याला मी हळदकुंकू वाहिलं, आणि ते टिकलीएवढं नव्हे. अंबाबाईला वाहावं तितक्या सढळ हाताने वाहिलं.

योग असा की त्याच रात्री टॅबचं अपडेट आलं. सकाळी बघते तर अक्षरं मुंगीएवढी झालेली, मराठी कीबोर्ड गायब, कोपऱ्यात लंडनची वेळ दाखवणारं एक घड्याळ येऊन बसलेलं. आणि अक्काला मी दिसत होते, पण माझा आवाज जात नव्हता. आमचं आधीच एका साडीवरून बिनसलं होतं. मी ओठ हलवतेय आणि शब्द नाही, हे बघून तिने ठरवलं की ही आता मला वेडावून दाखवते. तिने फोन घेणंच बंद केलं.

“अपडेटनंतर होतं असं, आई. वीकेंडला बघतो,” मुलगा म्हणाला. नात रेवा म्हणाली, “आजी, जस्ट रीस्टार्ट इट.” या घरात मला तिघांचं ऐकावं लागतं, आणि तिसरी माझी सून, ती फक्त हसली. हसण्याचं कारण तेव्हा कळलं नाही. ताम्हणातलं कुंकू किती संपलं ते तिने पाहिलं होतं.

मी तो टॅब झालरीसकट छातीशी धरून मॉलमधल्या दुकानात निघाले. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या या बाई शिरल्या. तोवर आमचं नुसतं हसण्यापुरतं होतं.

“पेशंटला कुठे नेता, वैनी?”

“दुरुस्तीला. अपडेटने वाट लावली याची.”

“मॉलवाला नुसता इन्शाल्ला म्हणणार आणि ठेवून घेणार. माझ्याकडे चला. यल्ला.”

मी गेले. टकटक झाली, हाउसकीपिंग झालं, आणि बाईंनी मला तक्रार सांगायला लावली. मी अपडेटचे गुन्हे तपशीलवार आणि थोडी भर घालून सांगितले. त्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. “गेस्ट बोलत असला की मध्ये तोंड घालायचं नाही. अर्धी कंप्लेंट बोलण्यातच खलास होते.” मग त्यांनी मला अपडेट म्हणजे काय ते समजावलं, आणि तसं आजवर कोणालाही समजावता आलेलं नाही. “बघा वैनी, गेस्ट रात्री झोपला आणि मॅनेजरने न विचारता त्याची खोली बदलली. सामान तेच आहे, चोरीला काही गेलं नाही. फक्त कपाट कुठल्या भिंतीला ते त्याला माहीत नाही. म्हणून तो ओरडतो. आपण ओरडायचं नाही, कपाट शोधायचं.”

आधी त्यांनी टॅब पूर्ण बंद केला. याला त्या चेक-आउट म्हणायच्या. चहा होऊन पिऊन होईपर्यंत त्याला उठवायचा नाही हा नियम. मग चेक-इन. मग सेटिंगच्या एकेका दारावर जाऊन अक्षरं मोठी केली, मराठी कीबोर्ड शोधला. “हा मराठी बोलणारा वेटर. नोकरी गेली नाही याची, नुसता ड्युटीवरून काढला होता.” उरला आवाज. तिथे त्या थांबल्या. टॅब खिडकीशी नेला, उजेडात धरला, खालच्या कडेच्या बारीक भोकाकडे बघितलं. खिशातून मऊ ब्रश काढला, पांढरा रुमाल पसरला आणि हलके झाडू लागल्या.

रुमालावर लाल भुगा पडला.

मी छताकडे बघायला लागले. त्यांचं छत चांगलं होतं.

“हे अपडेटबरोबर आलं वाटतं,” बाई म्हणाल्या.

“असेल.”

“बरोबर पिवळं पण पाठवलंय.” त्यांनी रुमालाची व्यवस्थित घडी घातली. “गेस्टच्या खोलीत काय सापडलं, ते आम्ही बाहेर बोलत नाही.” आणि तिथून पुढे त्यांनी मला ‘अहो’ म्हणणं सोडून दिलं. ज्या बाईच्या टॅबमधून कुंकू निघालं तिला अहो-जाहो करणं त्यांना जड गेलं असावं. त्याच संध्याकाळी माझा मुलगा त्यांना लिफ्टमध्ये भेटला, तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, “हा अपडेट फारच खराब होता बाबा.” अक्काने एकदाचा फोन उचलला. “आलं का तोंडातून काही?” हे तिचं पहिलं वाक्य, आणि मी ते आनंदाने ऐकून घेतलं.

लंडनचं घड्याळ मात्र तसंच होतं. मी विचारलं तर बाई उठून झगा झटकत म्हणाल्या, “उरलेलं उद्या. हॉटेलात कुठलीच खोली कायमची आवरून होत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. घड्याळ निघालं नाही, पण फोटो कुठे गेले ते सापडलं. मग फोटो मिळाले तर आवाज लहान. असं करत दुपारचा चहा आमच्याकडे, हे ठरूनच गेलं. घरातले कामाला, रेवा शाळेत, बाहेर ऊन असं की रस्त्यावर माणूस दिसू नये. अशा दुपारी या गावात म्हातारीने करायचं काय? मॉलच्या गारव्यात फेऱ्या मारून मी कंटाळले होते. सिसिलियाबाई यायच्या, टकटक करायच्या, आणि दुपारला कोणीतरी आहे असं वाटायचं. कधी कधी टॅब इतका गुणी वागायचा की काही बिघडायचंच नाही. मग मला थोडी मदत करावी लागे. विमानाचं चित्र दाबलं की इंटरनेट जातं हा शोध मला कांद्याची भजी करताना लागला. मी खाली फोन करायची, “बाई, परत गेलं हो.” साठ ओलांडलेली बाई शाळेला दांडी मारायला पोट दुखवून घेते तसला हा प्रकार. त्या यायच्या, टकटक करायच्या, पूर्ण तक्रार गंभीरपणे ऐकून घ्यायच्या.

एकदा मीच म्हटलं, तुमचं घर बघू या का यावर. नकाशात वसई काढली, वरून दिसणारी. बाई बोटाने चर्चपासून निघाल्या, तळ्याला वळसा घातला, केळीच्या एका वाडीपाशी चुकल्या, परत फिरल्या. शेवटी नखाएवढं एक छप्पर सापडलं. शेजारी काळा ठिपका. “विहीर,” त्या म्हणाल्या. त्या छपरावर बोट ठेवून होत्या, आणि बोट जरा हललं की नकाशा सरकायचा आणि घर पळायचं. त्या पुन्हा पकडून आणायच्या. “पत्रे बदलायला झालेत,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी चहा थंड झाला आणि आम्ही दोघी तो तसाच प्यायलो.

मग त्यांच्या मुलाची बदली झाली, कॅनडात. मुलाचा इथला व्हिसा सुटला की त्याच्या आधाराने राहणाऱ्या आईचाही सुटतो. त्याने आईला बरोबर चल म्हणून फार विनवलं. “बर्फात मी काय करू? बर्फ मी फक्त बादलीत बघितलाय, बाटलीच्या बाजूला,” बाई म्हणाल्या. “वसईला घर आहे, विहीर आहे, दोन भावजया आहेत. भांडायला पुरेल एवढं सगळं आहे.” मी म्हटलं, छान झालं, तुम्हाला जायचंच होतं ना. मोठा शहाणपणा करून म्हटलं. ते म्हणून झाल्यावर मी आत जाऊन उगाच फ्रिज पुसला.

जायच्या आदल्या दुपारी त्या न बोलावता आल्या. टॅब चांगला चालत होता, मी त्याला काहीही केलेलं नव्हतं. तरी त्यांनी टकटक केली, “हाउसकीपिंग,” म्हणाल्या आणि थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. मग कामाला लागल्या. वर्षानुवर्षं ‘उद्या’वर टाकलेलं एकेक काढलं. आडवा पडणारा टॅबचा पडदा सरळ केला. त्यातून मधूनच बोलणारी इंग्रजी बाई गप्प केली. आणि शेवटी कोपऱ्यातल्या लंडनवर बोट दाबून धरलं, काहीतरी सरकवलं, आणि तिथे भारताची वेळ आली. चहा उकळायलाही लागला नव्हता.

“हे वसईचं घड्याळ. फोन करायच्या आधी बघत जा. मी जेवत असले तर उचलणार नाही.”

“एवढंच होतं?” मी म्हटलं. “मग इतके दिवस?”

“इतके दिवस तू चहा दिलास.”

मग मीही म्हटलं की बाई, ते इंटरनेट जायचं ना, ते नेहमी काही आपणहून नाही...

“ठाऊक आहे. विमानाच्या चित्रावर बेसन असायचं,” बाई म्हणाल्या. “मीच पुसायचे.”

त्यांनी टॅबची काच खिशातल्या कापडाने पुसली आणि तो झालरीच्या कव्हरात घातला. “झालं सगळं,” म्हणाल्या. ते शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि मला ते अजिबात आवडले नाहीत. टॅबमध्ये एकही दोष नसणं इतकं भकास असतं हे मला माहीत नव्हतं. दाराशी जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या. सोफा, शिवणयंत्र, देवाचं कपाट, खिडकी, सगळ्यावरून नजर हळूहळू फिरली. मीही त्या सामानातच होते. माझ्यापाशी नजर थांबली. काही वाकडं दिसलं तर आत येऊन नीट करायचं, असा त्यांचाच नियम. दिसलं असणार. पण त्या आत आल्या नाहीत. दार ओढून घेतलं.

पुढे वसईचं घड्याळ बघून मी फोन करायची. त्या विहिरीचं, पत्र्यांचं, भावजयांचं सांगायच्या आणि विचारायच्या, “गेस्ट बरा आहे का?” मी म्हणायची, बरा आहे. खोटं नव्हतं ते, आणि तेच तर दुःख होतं. नंतर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, मग बोलणं भावजयीमार्फत, मग भावजय एकटीच बोलू लागली. नाताळ उलटून गेल्यावर एकदा तिचाच फोन आला, मी करण्याआधी, बाई गेल्याचं सांगायला. त्या वेळी कोपऱ्यातल्या घड्याळात वसईला जेवायची वेळ झालेली होती.

गेल्या महिन्यात टॅबचं नवं अपडेट आलं. मी पुष्कळ दिवस ‘नंतर, नंतर’ दाबत होते, पण एका रात्री त्याने मला न विचारता खोली बदललीच. सकाळी अक्षरं मुंगीएवढी, कीबोर्ड गायब, आणि कोपऱ्यात पुन्हा लंडन.

घरात कोणी नसताना मी टॅब मांडीवर घेतला. काचेवर दोनदा टकटक केली. “हाउसकीपिंग,” म्हटलं, आणि थांबले. मग माझी तक्रार मीच मोठ्याने सांगितली, मध्ये तोंड न घालता ऐकली. चेक-आउट, चहा, चेक-इन. अक्षरं मोठी झाली. मराठी वेटर ड्युटीवर आला. अक्काला फोन लावला, आवाजही गेला. माझ्याकडे मऊ ब्रश आहे आता, पण त्याची गरज पडली नाही. हल्ली दसऱ्याला मी टॅबला एकच फूल वाहते.

संध्याकाळी रेवा येऊन खांद्यावरून डोकावली.

“वाव आजी, यू डिड ऑल धिस? बट द क्लॉक इज राँग. गिव्ह मी, टू सेकंड्स.”

“राहू दे,” मी टॅब झालरीत घालत म्हटलं. “उरलेलं उद्या.”