पोरांच्या क्रिकेटचा टाइम स्टडी

मी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या क्रिकेटचा टाइम स्टडी केला. असं करू नये. पण मी केला, सहीनिशी रिपोर्ट दिला आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

टाइम स्टडी म्हणजे काय ते आधी सांगतो. कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. तो किती वेळ खरं काम करतो आणि किती वेळ नुसता उभा असतो, ते वेगवेगळं लिहायचं. नुसत्या उभं राहण्याला आमच्यात आयडल टाइम म्हणत. बंगलोरच्या आमच्या सरकारी कारखान्यात हे काम माझ्याकडे होतं. मी मशीन शॉपमध्ये शिरलो की लोक विड्या विझवायचे आणि मी गेलो की पेटवायचे. त्यामुळे माझे आकडे फार पवित्र असत.

साठ सालानंतरची गोष्ट. कॉलनीत मुलांचा क्रिकेट क्लब होता. निम्मा खर्च कारखान्याचा, निम्मा आईबापांचा. पांढऱ्या पँटी, बूट, पॅड, लेदरचा चेंडू, रविवारच्या मॅचला बस. युनियन म्हणाली, ऑफिसरांच्या पोरांचे लाड वेलफेअर फंडातून कशाला? तक्रार रास्त होती. वर्क्स मॅनेजर मूर्तींनी मला बोलावलं.

"जोशी, हा खर्च चालू ठेवायचा की बंद करायचा? तुम्ही मोजून सांगा."

"खेळ मोजता येत नाही, सर," एवढं म्हणालो असतो तर वाचलो असतो. पण मी नुकताच तीन महिन्यांचा कोर्स करून आलो होतो. त्या दिवसांत मी घरी पोळ्यासुद्धा घड्याळ लावून बघत असे. पोळपाटावरून तव्यावर, अकरा सेकंद. मी म्हणालो, "येस सर."

शनिवारी ग्राउंडवर गेलो. कोच मानोजीराव. तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. क्लबच्या पगारावर त्यांचं घर चालायचं.

"अण्णा, तो टोकाचा मुलगा काय करतोय?"

"उभा आहे."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"चेंडू येईल म्हणून. त्याला फील्डिंग म्हणतात, साहेब."

मी लिहिलं, आयडल. दोन तासांत एका मुलाचा चेंडूशी संबंध सरासरी साडेचार मिनिटं. माझ्या मुलाचा, शेखरचा, चाळीस सेकंद, आणि त्यातले पंचवीस तो गटारातून चेंडू काढत होता.

रिपोर्ट दिला: क्लब बंद करू नये, सुधारावा. फील्डर काढून टाकावेत. नेटमध्ये चार-चार मुलांच्या बॅचेस कराव्यात. प्रत्येकाला आठ मिनिटं बॅटिंग, शिट्टी वाजली की पुढचा. कोचला निम्मा वेळ पुरे, तेव्हा पगारही निम्मा.

मूर्ती खूश झाले. युनियन गप्प बसली. अण्णांनी ऑर्डर वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि "सरी" म्हणाले. सरी म्हणजे बरं. मी ते कौतुक समजलो. उरलेल्या वेळात ते एका लाकडाच्या वखारीत कामाला जाऊ लागले.

दोन महिन्यांनी बसवनगुडीच्या एका क्लबाशी मॅच झाली. मूर्ती सहकुटुंब आले होते. आमच्या पोरांनी सुरुवात झकास केली. पण आठ मिनिटं झाली की प्रत्येक जण बेचैन व्हायचा. शिट्टी का वाजत नाही म्हणून इकडेतिकडे बघायचा, आणि शेवटी उंच फटका मारून स्वतःच मोकळा व्हायचा.

मग आमची फील्डिंग आली. पहिलाच कॅच उंच उडाला. खाली दोन मुलं उभी. दोघांनी तो आदराने पाहिला आणि तो दोघांच्या मधोमध पडला. 'माझा' असं कुणीच ओरडलं नाही. तिसऱ्या कॅचला आमचा कॅप्टन ओरडला, "ए, पट्ट्यांच्या टोपीवाल्या, पळ की!" त्याला नाव माहीत नव्हतं. कॅप्टन चार वाजताच्या बॅचचा, टोपीवाला पाचच्या. थोड्या वेळाने त्या दोघांची जुंपली आणि शेखर बाउंड्रीवर चक्क मांडी घालून बसला.

सोमवारी मूर्तींनी मला आणि अण्णांना बोलावलं.

"जोशी, तुमच्या स्कीममध्ये ही मुलं एकमेकांना कधी भेटतात?"

मी रिपोर्ट चाळला. तसा कॉलम नव्हता.

"अण्णा, तुम्ही सांगा. पैसा वाया जातोय का?"

"बॅट धरायला मी महिन्याभरात शिकवतो, सर. त्याला एवढा पैसा लागत नाही," अण्णा म्हणाले. "पण चेंडू दुसऱ्याकडे असताना जागं राहायचं, हे शिकायला स्वल्प जास्त वेळ लागतो."

मूर्तींनी तिथल्या तिथे ठरवलं. खर्च चालू. कोच पूर्ण पगारावर. आणि क्लबात कामगारांचीही मुलं घ्यायची, म्हणजे युनियनचा प्रश्नच मिटला. हे तर स्टॉपवॉचशिवाय कुणालाही सुचलं असतं. माझ्याकडे स्टॉपवॉच होतं.

मी यातून काय शिकलो? 'चालू ठेवायचा की बंद करायचा' या प्रश्नाला 'येस सर' हे उत्तर होत नाही, एवढं.

बाहेर आल्यावर मी अण्णांना गाठलं. "अण्णा, चूक झाली. माझ्यामुळे तुमचा दोन महिने पगार..."

"ते जाऊ द्या, साहेब." त्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एक विचारू? लहानपणी तुम्हाला कुणी खेळायला घेत नव्हतं, नाही का?"